काजळीच्या पाठीवरचा हात

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुरुस्ती. पंधरा तारखेच्या पानावर मी लिहिलंय — "काजळीच्या पाठीवर देवाचा हात उमटला! बाबा रडले." बाबा रडले हे खरं. बाकीचं चूक. पान फाडणार नाही, खोडणारही नाही. चूक कुठे झाली ते दिसायला हवं.

आज गाईंना लस द्यायला सरकारी डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मीच हौसेने त्यांना तबेल्यात नेलं. काजळीची आयाळ संपते तिथे, दोन्ही बाजूंना, रुपयाएवढे पांढरे ठिपके आलेत. "आमच्याकडे याला देवाचा हात म्हणतात," मी सांगितलं. "आमच्या बाबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, शिकवलेल्या ज्या घोड्याला हा उमटतो, त्याला रवाल चाल येतेच, वर बसणारा जरासुद्धा हलत नाही अशी. आजवर सातांना उमटलाय. ही आठवी."

बाई हसल्या नाहीत. दोन बोटांनी ठिपक्याखाली दाबलं. काजळीची पाठ एकदम खाली गेली, कान मागे.

"खोगीर दाबतंय तुमचं. वरून जखम दिसत नाही, आत केसांच्या मुळातला रंग मरतो. मग तिथे पांढरा केस येतो."

आणि जाताना, नळावर बूट धुता धुता — "चालही तपासून बघ. पाठ दुखत असली की काही घोडी उसळती दुडकी सोडतात. पाठ उचलायला दुखतं ना. मग ताठ पाठीने सरपटल्यासारखी चालतात. वर बसणाऱ्याला वाटतं, काय मऊ चाल आहे!"

मी "हो" म्हटलं. चहा विचारायचा राहिला.

पोळ्यानंतर खोगीर घातलं. दिवाळीत रवाल आली. ठिपके या महिन्यात. क्रमाने लिहून ठेवते. पुढचं वाक्य अजून लिहीत नाही.

२८ नोव्हेंबर

ओसरीवरच्या फोटोत बाबांची रत्नी आहे, जत्रेत पहिली आलेली. काच ओल्या फडक्याने पुसून पाहिली. ठिपका आहे. घोडी सात. खोगीर एकच.

३० नोव्हेंबर, रविवार

बाबा पारावर गेले तेव्हा मोटारीच्या जाड वायरचा तुकडा घेतला. काजळीच्या ठिपक्यांवरून आडवा दाबून तिच्या पाठीचा आकार घेतला, पेपरवर ठेवून पेनने गिरवला. मग खोगिराच्या पुढच्या कमानीचा आकार, त्याच पेपरवर. एक पालथी कढई निघाली. एक चिमटा.

तरी मनाची खात्री होईना. खोगीर कसलं आणि आईला म्हटलं, बस जरा वर.

"मी? ह्या वयात नवरदेव करतीस व्हय मला?"

"दोन मिनिटं."

"अगं साडी हाय!"

"कोणी बघत नाहीये."

"घोडी बघतीय की!"

शेवटी बाजेवर पाय देऊन वर बसली, डोळे मिटून, म्हसोबाचं नाव घेत. मी कमानीखाली हात सरकवला. दहा मोजेपर्यंत ठेवायचा असं ठरवलं होतं. सहाला काढला. आई काय, चिमणीएवढी. आणि काजळी रोज तासभर मला घेते. तीन महिने. बाबांची सातही घोडी — वर्षानुवर्षं, आणि बाबा तेव्हा धिप्पाड होते.

(माझी खात्री व्हावी म्हणून काजळीला आज आणखी दुखवलं. हेही लिहायला हवं.)

आई उतरली. माझ्या बोटांवरचे वळ बघत राहिली. म्हणाली, "तुझ्या आण्णाला दाखव."

आण्णांना काय दाखवायचं? माझे वडील टेम्पो चालवतात. बाबांचा, म्हणजे आसाराम चाबुकस्वाराचा, एकुलता एक मुलगा, एकोणिसाव्या वर्षी घोड्यावरून उतरला तो परत चढला नाही. सगळ्या गावाला माहीत आहे — मच्छिंद्र घोड्याला भितो. म्हणून तर बाबांनी मला शिकवलं.

२ डिसेंबर, मंगळवार

आज खोगिराऐवजी घोंगडीची घडी टाकून बसले. बाकी सगळं बाबांनी शिकवलंय तसंच. हाताला वजन नाही, टाच नाही, जिभेचा एक टक् आवाज फक्त. "लगाम म्हंजी निरोप असतो निके, दोरखंड न्हाई" — सहा वर्षांची होते तेव्हापासून ऐकतेय. काजळीने मान लांब केली, नाक फुरफुरलं. पाठ मोकळी झालेली कळली मला.

आणि तिने दुडकी धरली. साधी, हाडं खिळखिळी करणारी दुडकी! मी रडत होते आणि वरखाली उडत होते.

बाबांनी अंगणातून नुसता टापांचा आवाज ऐकला. डोळ्यांना आता कमी दिसतं, पण टापा त्यांना अजून कळतात.

"कोन शिकवलं तिला ह्ये? सोन्यासारखी चाल मोडलीस! खोगीर कुठं हाय?"

"पोटाखालचा तंग तुटला, बाबा."

"त्यो तंग तुटायचा न्हाई. माझ्या हातचा हाय."

३ डिसेंबर

तंग तुटला नव्हता. खोटं खरं दिसावं म्हणून काल मीच त्याची शिवण उसवली. आज सकाळी बाबा तो शिवत बसले होते. तीनदा सुई बोटात गेली त्यांच्या.

६ डिसेंबर, शनिवार

शिर्डीचे आदिनाथशेठ घोडी बघायला आले, सोबत दोन मित्र. हॉटेल आहे त्यांचं, आता जत्रांच्या शर्यतींत उतरवायला रवालीची घोडी हवी आहे. गाव जमलं. आमच्याकडे रवालीची परीक्षा भरल्या तांब्याने होते — शाळेपासून मारुतीपर्यंत जायचं, तळहातावर काठोकाठ भरलेला तांब्या.

बाबांनी खोगीर स्वतः कसलं. मला नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

एक थेंब सांडला नाही. टाळ्या, शिट्ट्या! माझ्याखाली काजळीची पाठ लाकडाच्या फळीसारखी होती. मला वाटत होतं, सांडावं. हात जरा कलता केला असता तरी झालं असतं. पण तेही खोटंच झालं असतं ना?

शेठ खूश. "चाबूक न्हाई, टाच न्हाई, पोरगी नुसती पाटावर बसल्यावानी बसलीय! ह्याला म्हनत्यात घोडं शिकवनं."

"चाबूक हातात आला की अक्कल हातातनं गेली," बाबा म्हणाले. त्यांचं नेहमीचं वाक्य. "आमच्या उंबऱ्याच्या आत चाबूक आला न्हाई."

"पन बाबा, खोगिरासकट घेनार हां मी. ज्याच्याखाली देवाचा हात उमटतो त्येच पायजे."

बाबांनी खोगिरावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "दिलं."

एकोणीस तारखेला, शुक्रवारी, शेठ गाडी घेऊन येणार. काजळी जाणार, आणि तो चिमटा तिच्या पाठीवर जन्मभर जाणार.

आण्णा टेम्पोला टेकून उभे होते. शेठच्या मित्राने विचारलं, "मच्छिंद्रराव, घरात येवढी विद्या, तुमी न्हाई बसत?"

"भ्या वाटतं," आण्णा म्हणाले. सगळे हसले. आण्णाही हसले. मला लाज वाटली त्यांची.

७ डिसेंबर

सांगायचं ते ती जायच्या आत. "नंतर सांगू" म्हणजे कधीच नाही, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरीणबाईंना परवा फोन केला. पाठीला आराम द्या म्हणाल्या. बाबांना तेवढंच सांगितलं — खरं, पण अर्धं. ते म्हणाले, "बरंय, पुढल्या शुक्रवारी ताजी असंल."

रोज सकाळी काजळीला पाटाच्या कडेने नेते. आधी नुसती हातात धरून, चढावर, मान जितकी खाली घेईल तितकी घेऊ देत. थांबली की थांबायचं. सुस्कारा टाकला की गुळाचा खडा. मग घोंगडीवर दहा मिनिटं, लगाम सैल.

आज बाभळीपासून पुढे उतारावर काहीतरी झालं. दुडकी येता येता रवालीत विरघळली. चार टापा वेगवेगळ्या, एकसारख्या, आणि मी हललेच नाही! आणि पाठ फळी नव्हती. पाठ खालून वर येत होती, भाकरी फुगावी तशी.

सात पावलं. कदाचित नऊ. पण मोजलेली सात, म्हणून सात.

याने काही सिद्ध होत नाही. सहा महिने लागतील, किंवा आठवं पाऊल कधी येणारच नाही. पण ती सात तिची होती. कोणी चिमटा काढून घेतलेली नव्हती.

१३ डिसेंबर, शनिवार

आज सांगायचंच म्हणून पेपर घडी करून ओढणीत धरला आणि बाबांपाशी गेले. ते उन्हात खोगिराला तेल चोळत होते.

"ये. हे बघ, हितं. ह्या चामड्यावर खडूनं तुला अ काढून दिला हुता. आठवतं का?"

आठवतं. शाळेत जायच्या आधी मला अर्धी बाराखडी येत होती. चुकलं की ते थुंकी लावून पुसायचे, रागवायचे नाहीत.

"बाबा, ह्याची कमान कोणी केली?"

"पैठनच्या एका कारागिरानं. रत्नीच्या आधी एक बारीक तट्टू हुतं माज्याकडं, त्याच्या मापानं. मंग रत्नी आली, ती अशी भरलेली! लोक म्हनले दुसरं कर. मी म्हनलं, कशाला? चाल तर बघा कशी लागलीय हिला!"

म्हणजे हे असं आहे. कपट नाही. आनंद झाला होता त्यांना. वर बसणाऱ्याला खालचं कळत नाही एवढंच.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ते म्हणाले, "मी गेल्यावर काय म्हनतील लोकं? आसाराम चाबुकस्वार — चाबूक न धरलेला. बास झालं. येवढंच ठेवून चाललोय, निके."

पेपर तसाच परत आणला.

एका बाजूला एक्याऐंशी वर्षांचा माणूस, एका बाजूला सहा वर्षांची घोडी. दोघांपैकी बोलता एकालाच येतं, म्हणून मी त्याचंच ऐकतेय का?

१५ डिसेंबर

खोगीर उन्हातून आत ठेवायला नुसतं उचललं. काजळीने लांबूनच पाहिलं आणि पाठ खाली घातली.

१६ डिसेंबर, मंगळवार

ओढणीतला पेपर काल माझ्याकडून टेम्पोच्या सीटवर राहिला होता. दुपारी आण्णा तो घेऊन तबेल्यात आले. कढई आणि चिमटा, दोन्हींवरून बोट फिरवलं. मग उजवा हात माझ्यापुढे धरला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट त्यांची पुरती मिटत नाहीत. मला वाटायचं टेम्पोच्या फाळक्यात सापडली असतील.

"रत्नीचा तंग आवळत हुतो. बाबा वर बसलेले. हात कमानीखाली गेला आन् ती निघाली."

"मग?"

"शाळेपासून मारुतीपर्यंत हात तितंच, मी बाजूनं पळत. बाबांच्या हातात तांब्या हुता. लोक बघत हुते. मी वरडलो न्हाई."

"आणि नंतर? सांगितलं नाहीत?"

"भितो म्हनलेलं सोपं गेलं."

एकतीस वर्षं.

दुरुस्ती. ३० नोव्हेंबर आणि ६ डिसेंबरच्या पानांवर आण्णांबद्दल जे लिहिलंय ते चूक आहे.

बाबांना सांगायचं, पण शेठ आल्यावर चारचौघांत नको. बिचकलेल्या जनावराला गर्दीत काही शिकवू नये, हे बाबांनीच शिकवलंय. आदल्या दिवशी, खरारा झाल्यावर. काजळीवर ते खोगीर शेवटचं एकदा, दहा मोजेपर्यंत. वर मी बसेन. कमानीखाली एका बाजूला बाबांचा हात. दुसऱ्या बाजूला आण्णा स्वतःचा ठेवणार आहेत.

ठरलं: गुरुवार, १८ डिसेंबर.