अहो, अगं आणि अमेरिकन फुटबॉल

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारण शास्त्रीय आहे.
जावयाने टीव्हीला जोडायचा खेळाचा खोका आणि त्यासोबत अमेरिकन फुटबॉलचा एक व्हिडिओ गेम पाठवला. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, तेवढाच तुमचा वेळ जाईल. वजनमापे खात्यात उभी हयात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाचा वेळ जात नसतो. तो वापरला जातो. तथापि गेमच्या वेष्टनावर 'संपूर्ण वास्तववादी' असा दावा छापलेला आढळला. दावा दिसला की तो तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. सबब, वास्तववादी खेळ आनंददायक कशाने होतो, या विषयावर प्रबंध लिहिण्याचे ठरवले आहे. मार्चअखेर पूर्ण करणे.
हिला जाऊन आठ महिने झाले. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिले.

६ जानेवारी
नियम वाचले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे. न जमल्यास चेंडू समोरच्यांना. क्वार्टरबॅक नावाचा एक विचारी गृहस्थ मागे उभा राहून चेंडू कोणाकडे फेकायचा ते ठरवतो. बाकीचे धावतात. ही भूमिका मला नैसर्गिक वाटली.
प्रबंधाचे पहिले तत्त्व: वास्तवात तिळमात्र सूट नको. दुखापत, दमणूक, पाऊस, वय ही सर्व सेटिंग्ज 'ऑन' ठेवली आहेत. काठिण्य सर्वोच्च.
संध्याकाळी पहिला सामना. ६३–० ने हरलो. टीव्हीत बिघाड असावा.

९ जानेवारी
टीव्ही ठीक आहे.
माझ्या क्वार्टरबॅकला दर वेळी डावीकडून, पाठीमागून येऊन आडवे करतात. तो उजव्या हाताने फेकतो, त्यामुळे डावीकडची पाठ त्याला दिसत नाही. ती सांभाळण्यासाठी रांगेच्या डाव्या टोकाला एक ब्लॉकर असतो. क्वार्टरबॅकच्या अंगावर कोणाला येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. चेंडूला हात लावायचा नाही. टाळ्या नाहीत, फोटो नाही. गेमने दिलेला ब्लॉकर एकशे चाळीस किलोंचा असून अत्यंत बेजबाबदार आहे.
स्वतःचे खेळाडू घडवण्याची सोय दिसते. उद्या पाहू.

१० जानेवारी
क्वार्टरबॅक घडवला. वय सोडल्यास सर्वस्वी माझ्यासारखा. चष्मा मात्र मिळाला नाही. वेष्टनावरील दाव्याला येथे पहिला तडा. नाव 'अहो'. घरात हेच नाव प्रचलित होते.
डाव्या टोकाला कोण, यावर फार विचार करावा लागला नाही. ही. उंची पाच फूट एक इंच, वजन बावन्न किलो, सगळे पाठ होते. नाव 'अगं'. जर्सीच्या पाठीवर इंग्रजी अक्षरांत बरे दिसते. चेहरे निवडायला सगळे दाढीवाले होते, पण हेल्मेटमुळे निभावले. यात भावनेचा भाग नाही. त्या जागेवर विश्वासाचे माणूस हवे होते.
अडचण एकच आली. गेम बहात्तर किलोंच्या खाली वजन घेत नाही. ज्याने नोकरीत एकाही दुकानदाराला एका ग्रॅमची सवलत दिली नाही, त्याने आज स्वतःच्या बायकोच्या वजनात वीस किलोंची लबाडी केली. हिला कळले असते तर दोन दिवस अबोला. वयाचाही रकाना चव्वेचाळीसच्या पुढे सरकेना, तेवढेच भरले.

१२ जानेवारी
समोरच्या अवाढव्य गृहस्थाने हिला उचलले आणि खुर्ची सरकवावी तसे बाजूला ठेवले. हे सभ्य माणसाचे वर्तन नव्हे, असे मी उभा राहून टीव्हीला सुनावले.
चौकशीअंती असे आढळले की हिची 'ताकद' शंभरपैकी चाळीस दाखवलेली आहे. उघड चूक. माझी दुपारची झोप चालू आहे म्हणून जिने आमच्या खात्याच्या संचालकांना उंबऱ्यावरूनच परत पाठवले, तिची ताकद चाळीस? नव्याण्णव केली. याला वास्तवात सूट म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात.

१३ जानेवारी
जिंकलो. एकदाही आडवा झालो नाही.
खेळातील आनंद क्वार्टरबॅकच्या बुद्धिमत्तेवर अवलंबून असतो, असे दुसरे तत्त्व लिहून काढले.

२१ जानेवारी
खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य तक्रार घेऊन वर आले. छत हादरते, पेशंटच्या तोंडात यंत्र असताना माझा हात हलतो, म्हणाले. शिवाय सामन्यापूर्वी मी संघापुढे जे चार शब्द बोलतो तेही खाली स्वच्छ ऐकू जातात. 'सज्जनहो, आणि अगं' अशी सुरुवात नेमकी कोणाला उद्देशून असते, असे त्यांनी चाचरत विचारले. मी त्यांना बसवून सामना दाखवला.
खेळाडू दातांना रबरी कवच लावतात हे पाहताच त्यांचा राग निवळला. असा वास्तववादी गेम पाहिला नाही, म्हणाले. पुढे सबंध सामना त्यांनी कोणाचे कवच निघाले आणि कोणाचे राहिले एवढेच पाहण्यात घालवला, आणि भलतेच रमले. आनंदाची मीमांसा करताना हा मुद्दा विचारात घ्यावा लागेल.
निघताना म्हणाले, तो एकसष्ट नंबरचा बुटका कोण हो? रेड्यासारख्या माणसांना लोळवतोय. मी म्हटले, घरचेच आहेत.

२ फेब्रुवारी
तिसऱ्या सत्रात हिचा पाय मुरगळला. पडद्यावर अक्षरे आली: तीन आठवडे विश्रांती. ही तीन आठवडे विश्रांती घेणारी नव्हे. घेतली असती तर गोष्ट वेगळी होती. सामना जतन होण्याआधी वायर उपसली आणि पुन्हा सुरुवात केली. दुखापतीचे सेटिंग बंद. दमणुकीचेही बंद. पाऊसही बंद, कारण हिला गारठा सोसत नाही.
पहिल्या तत्त्वाला तळटीप जोडली: वास्तवाचा अतिरेक वास्तवाला मारक असतो.
मुलीचा फोन. जेवलात का? हाफ टाइमला जेवेन, म्हटले. आईच्या कपाटाचं काही ठरवलंत का? सामना चालू आहे म्हणून फोन ठेवला. चालू नव्हता, पण व्हायचाच होता.

१९ फेब्रुवारी
संघ अंतिम सामन्यात पोहोचला. अभिमानाचा क्षण.
सोबत एक सूचना आली: खेळाडू 'अगं' वयोमानामुळे हंगाम संपताच निवृत्त होईल.
वयाचे सेटिंग बंद करायला गेलो. चालू हंगामात बदलता येत नाही म्हणे. अंतिम सामना झाला की हंगाम संपणार. मागे कोणत्या शहाण्याने ते 'ऑन' ठेवले होते ते मी येथे लिहीत नाही.

२१ फेब्रुवारी
अंतिम सामना पुढे ढकलला. कारण: पाऊस. गेममधला पाऊस बंद आहे; आमच्या खिडकीबाहेर पडत होता.

२६ फेब्रुवारी
पुढे ढकलला. क्वार्टरबॅकच्या अंगठ्यात लचक. म्हणजे माझ्या.

५ मार्च
पुढे ढकलला. दंतवैद्यांना सवड नसावी. त्यांनी स्वतः येऊन आपण पूर्ण मोकळे आहोत असे सांगितले, परंतु आवाजावरून मला ते थकलेले वाटले.
सरावसामने मात्र नियमित. सराव हंगामात धरला जात नाही, आणि त्यात कोणी निवृत्त होत नाही. गेममधील हा सर्वांत आनंददायक भाग आहे. का, ते प्रबंधात यथावकाश.

१५ मार्च
मुलगी चार दिवसांसाठी आली. दारातच माझे पॉलिश केलेले बूट आणि टाय पाहून तिने विचारले, कुठे निघालात? सरावाला, म्हटले. ती बॅग हातात घेऊन तशीच उभी राहिली.
बसून पाहिले तिने. जर्सीवरची नावे मोठ्याने वाचली. मग इतकी हसली की सोफ्यावरून घसरून खाली आली. आई असती तर दोघांनाही बदडलं असतं, म्हणाली. तेवढ्यात 'अगं'ने एकाला आडवे केले आणि कमरेवर हात ठेवून ती पुढच्याची वाट पाहत उभी राहिली. मुलगी हसायची थांबली. उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता. पाण्याचा अपव्यय मला खपत नाही. पण नळ बंद करायला उठलो नाही.

१६ मार्च
चहाच्या वेळी मुलीने विचारले, एवढ्या सामन्यांत आईच्या हातात एकदा तरी बॉल आला का? मी नियम समजावला. ब्लॉकरने चेंडू धरायचा नसतो. ती म्हणाली, म्हणजे धक्के आईने खायचे आणि टाळ्या तुम्ही घ्यायच्या. गेम खरंच वास्तववादी आहे हं, बाबा.
हा शेरा व्यक्तिगत स्वरूपाचा असल्याने प्रबंधात घेता येणार नाही.
नियमाला अपवाद आहे. पंचांना आधी कळवल्यास ब्लॉकरलाही पुढे धावता येते आणि चेंडू झेलता येतो. गेममध्ये त्यासाठी स्वतंत्र आखणी आहे. मला जानेवारीपासून ठाऊक आहे. कोणी विचारले नव्हते.

१७ मार्च
ठराव: अंतिम सामना उद्या. त्यात हिला चेंडू द्यायचा. नुसता द्यायचा नाही, गोललाइनच्या पलीकडे द्यायचा, म्हणजे गुण हिच्या नावावर लागतील. मुलीला सांगितले. बघा हं, शब्द दिलात, म्हणाली.
हिची झेल घेण्याची क्षमता शंभरपैकी बारा निघाली. बदल करणे प्रामाणिकपणाला धरून होईल का, असे मी विचारले. मुलगी म्हणाली, बाथरूममधून तुम्ही भिरकावलेला टॉवेल आईने कधी खाली पडू दिला होता का? मुद्दा बिनतोड. नव्याण्णव केली.

१८ मार्च
उपस्थिती: मुलगी, दंतवैद्य. भाषण संक्षिप्त केले.
पहिल्याच चढाईत पंचांना कळवले. ही जागा सोडून पुढे धावली, आणि मी आडवा. डावीकडे कोणीच नव्हते. पुन्हा कळवले. पुन्हा आडवा. मुलगी म्हणाली, बाबा, विचार काय करताय, लवकर फेका. दंतवैद्य म्हणाले, कवच शाबूत आहे, चिंता नको. हिला चेंडू द्यायचा तर पुढे पाठवावे लागते, आणि पुढे पाठवले तर माझ्या पाठीशी कोणी उरत नाही. गेमच्या रचनेतला हा दोष कंपनीने त्वरित दूर करावा.
नाइलाजाने हिला जागेवर परत बोलावले. लगेच गुण झाले. माझ्या नावावर. मुलीने तोंड फिरवले.
शेवटची चढाई. चार गुणांनी मागे, गोललाइन समोर, घड्याळात एकाच फेकीपुरता वेळ. पंचांना कळवले. ही सुटली. मी या वेळी सावध होतो; उजवीकडे पळालो आणि निसटलो.
ही गोललाइनच्या पलीकडे एकटी उभी होती. आसपास चिटपाखरू नाही. हिला कोणी चेंडू देईल असे समोरच्यांच्या मनातही आले नव्हते. ती वळली आणि माझ्याकडे तोंड करून दोन्ही हात वर केले. हंगामभर मी हिची पाठच पाहत आलो होतो. समोरून पहिल्यांदाच.
फेका, बाबा, फेका, असे मुलगी ओरडत होती. दंतवैद्य सोफ्यावर चढले होते. एक बटण दाबायचे होते.
ती हात वर करून उभीच होती.
मला आडवे केले. वेळ संपली.
का नाही फेकलात, मुलीने विचारले. कंट्रोलरचे सेल ऐन वेळी गेले, म्हटले. तिने माझ्या हातातून कंट्रोलर घेतला. पडद्यावर 'हंगाम समाप्त करा' असे आले होते. दाबू का, म्हणाली. दाब, म्हटले. तिने दाबले. सेल गेलेले असूनही ते दाबले गेले. दंतवैद्यांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि झोपण्यापूर्वी दात घासायला सांगितले.

२० मार्च
मुलगी काल गेली.
प्रबंध रद्द. विषयात दम नाही.
नवा हंगाम, पहिला सामना. डावीकडे गेमने आपण होऊन नवा ब्लॉकर दिला आहे. वय बावीस, वजन एकशे अडतीस किलो, ताकद शहाण्णव. सर्व आकडे तपासले. कोठेही खोट नाही. मोठ्या फरकाने जिंकलो. एकदाही आडवा झालो नाही.
मध्यंतरात सवयीने 'अगं' अशी हाक गेली. खालून दंतवैद्यांनी ओ दिली.