खानदानी पाय

१० ऑगस्ट, रविवार. सकाळी ६.
आजपासून अनवाणी. पोळ्याला बारा दिवस राह्यले. गावाकडे धावड्यात वेशीच्या तोरणाखालून पहिली जोडी आमची जाते, आणि कासरा धरणारा घरातला थोरला अनवाणी चालतो. आजोबा चालले, माझे वडील आबा चालले. आबा गेल्यावर यंदा पहिल्यांदा मी. बैल पुतण्याचे, भारतचे, मान माझा. जालन्यात तीस वर्षं टेबलावर बसलो म्हणून काय झालं? माणूस मुळात कोण, हे त्याचे पाय सांगतात.

कॉलनीला तीन चकरा मारल्या. खडी बिलकुल टोचली न्हाई. शेजारचे बद्रीनाथराव घरातसुद्धा स्लीपर घालतात. कसला हा समाज!

१२ ऑगस्ट, मंगळवार.
फरशीवर लाल ठसे. वंदनाला वाटलं कुंकू सांडलं. पुसत पुसत माझ्यापर्यंत आली. डाव्या तळव्यात गंजका खिळा, चांगला बोटभर. मला पत्ताच न्हाई! तिनं पक्कडीनं ओढला, तेव्हा मी चहा पीत होतो. बायको रडायला लागली. मला अभिमान वाटला. शुगरच्या गोळ्या का सोडल्या म्हणाली. पोळा झाला की बराबर सुरू करीन.

१४ ऑगस्ट, गुरुवार.
शालू हॉस्टेलवरून आली. पोरगी नर्सिंगला आहे, त्यामुळे सगळ्यांना पेशंट समजते. बोटाला सुई टोचून शुगर मोजली. चारशे बारा. मशीन चायनाची.

"बाबा, लागलेलं कळत न्हाई, हे चांगलं न्हाई," म्हणाली.

शहरात वाढलेल्या लेकराला काय सांगणार? पट्टी बांधून घेतली. ती गेल्यावर सोडली.

१७ ऑगस्ट, रविवार.
बेडरूममध्ये वास. उंदीर मेला असणार. कपाट ओढलं. काही न्हाई.

१९ ऑगस्ट, मंगळवार.
वास कायम. प्लंबर कडूबाला बोलावलं. मोरी साफ आहे म्हणाला. मंग माझ्याकडे बघून नाकाला रुमाल लावला आणि पैसे न घेता गेला. ऑफिसात संघपालनं खुर्ची उचलून खिडकीशी नेली. त्याला हवा लागते म्हणे. माणसं फार नाजूक झालीत.

२१ ऑगस्ट, गुरुवार.
आज गावात खांदेमळणी. भारत बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळत असंल. मला थोडा ताप, थंडी. पाय घोट्यापर्यंत काळा पडलाय. काळ्या मातीतला माणूस, तिचा रंग पायात उतरणारच. वंदनानं हात जोडले, दवाखान्यात चला म्हणाली. शेवटी पाया पडली. पण लांबूनच. पायाला हात लावला न्हाई.

जरा भीती वाटली. मानाआधी वाटतेच.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पहाटे ५.
पोळा! धोतर नेसलो, फेटा बांधला. गाडी सांगितलीय. उभा राह्यलो की खोली फिरून राह्यली. उत्साह, दुसरं काय. जल्दी निघावं.

३० ऑगस्ट, शनिवार. दवाखाना.
गाडी धावड्याला गेलीच न्हाई. वंदनानं ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं. डावा पाय गुडघ्याखालून काढला. सही तिनं केली. मला इचारलं न्हाई, म्हणजे इचारलं असंल, मी शुद्धीत नव्हतो.

भारत आल्ता. कासरा कोणी धरला, इचारलं. मीच, म्हणाला. अनवाणीच ना? तो खाली बघायला लागला.

"न्हाई काका, चिखल लई होता. बूट घालून गेलो."

लोक काय म्हणले?

"कोणाचं ध्यानच न्हाई गेलं. आबा बी शेवटची चार-पाच वर्षं चप्पल घालूनच जात होते."

मी दर पोळ्याला तिथंच उभा असायचो. आबांच्या पायाकडे कधी पाह्यलं न्हाई.

तो गेल्यापासून डावा पाय दुखून राह्यला. तळव्यात, खिळा होता तिथंच. नर्सला सांगितलं. तिनं चादर नीट केली.