बाजारभावाची साखर

२ नोव्हें., रवि.
कारखान्याने कामगारांना दिवाळीची सवलतीची साखर उशिरा का होईना दिली. पंचवीस किलो. एसटीत टाकून भिंगारला नेली. अन्वी, माझी चौथीतली पोरगी, पोत्यावरच बसली. तिच्या आईला, सुनीताला, सांगितलं, या महिन्याच्या पोटगीतून साखरेचे अकराशे कापलेत. गाळप सुरू नाही, निम्म्या पगारावर घरी बसवलंय, माणसाने करायचं काय?
"तुम्हाला निम्म्या भावात मिळाली ना? मग मला बाजारभाव का लावताय?"
बाई हिशेबाला पक्की. लग्नात हेच आवडलं होतं. नंतर हेच नडलं.

५ नोव्हें., बुध.
सु.चा फोन. अ.च्या शाळेची भंडारदऱ्याला सहल, सोमवारपर्यंत पैसे भरायचेत, कापलेले पाठवा. "मग साखर वीक," म्हटलं आणि ठेवला फोन. रविवारी भेटायला जायचंच नाही. डोकं तापलंय नुसतं.

७ नोव्हें., शुक्र.
श्रीगोंद्यात वकिलांकडे. वाटलं, आपली बाजू घेतील. हसले.
"साखर, सायकल, फ्रॉक ही तुमची हौस. पोटगी म्हणजे कोर्टाने ठरवलेली रक्कम, दर महिन्याला. पगार घटला तर कमी करायचा अर्ज करा, स्वतः कात्री लावू नका. निकाल लागेपर्यंत पूर्ण भरा. आणि पोरीच्या भेटीवर राग काढू नका, त्याचा याच्याशी संबंध नाही."
अर्जावर सही केली. फी त्यांनीही बाजारभावानेच घेतली.

९ नोव्हें., रवि.
गेलोच. गल्लीच्या तोंडाशी अ. स्टुलावर. पुढ्यात अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या, पुठ्ठ्यावर लिहिलेलं: पप्पांची साखर.
"हे काय गं?"
"सहलीसाठी. तुम्हीच म्हणालात ना, साखर वीक. फोन स्पीकरवर होता."
तोंड एवढंसं झालं माझं. फार लाज वाटली.
एक म्हातारी पिशवी घेता घेता म्हणाली, "पोरगी तुमची व्हय? लई गोड बोलती."
दोस्ताकडून उसने आणलेले अकराशे तिथंच उभ्या उभ्या सु.ला पाठवले. ती शिलाई मशीन सोडून दारात आली. "आले," म्हणाली. मग चहा दिला. अर्जाचं सांगितलं. "करा की. मीपण येते कोर्टात, वर्षभराची पगारचिठ्ठी मागते." मागणारच.
अ.ला म्हटलं, सहलीचं झालं, दुकान आवर. ऐकेना. एक पिशवी मला दे म्हटलं.
"बावीस रुपये, पप्पा."
"मलापण?"
"भाव तुम्हीच लावलाय."
दिले.

१२ नोव्हें., बुध.
भोंगा वाजला. सोमवारपासून गाळप, पूर्ण पगार. उन्हाळ्यात पुन्हा निम्मा होईल, म्हणून अर्ज मागे घेत नाही. तारीख पुढच्या महिन्यात. जजसाहेब काय म्हणतील कोण जाणे.
अ.चा फोन, सहलीला स्वेटर घेऊ का? घे म्हटलं. पैसे वेगळे, कापणार नाही.
बावीस रुपयांची पिशवी फळीवर आहे. फोडवत नाही. चहा आपला गुळाचाच चाललाय.