दोन मापांच्या बांगड्या

माय, तुझ्या डाव्या हाताबद्दल मला काही विचारायचं आहे. इतक्या वर्षांनी हा प्रश्न कुठून निघाला ते आधी सांगतो, कारण मधलं सोडून बोललेलं मला चालत नाही. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होतो. आता बालाघाटात माझं मोटर-वायंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंप, पंखे, गिरणीच्या मोटरी येतात. हे काम मला कुणी शिकवलं नाही. जुन्या मोटरी उकलून, तारेचे वेढे मोजून, इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी शेजारी ठेवून शिकलो. बिरसा, परसवाड्याहून लोक मोटर घेऊन माझ्याकडेच येतात. एवढं तुला सांगायचंच होतं.

तर ताई. तुझी लेक किरनापुरात असते. तिथं बायकांच्या तपासणीचं शिबिर लागलं. शेजारणीच्या सोबतीला म्हणून गेली आणि स्वतःच अडकली. नर्सबाईच्या हाताला ब्लाउजच्या आत, डाव्या बाजूला, बोराएवढी गाठ लागली. ताई म्हणाली, "दुखत त नाही, मंग काहाची बिमारी?" नर्सबाई म्हणाली, "काकी, जो दुखती नहीं, वही पहले दिखाओ." मी तिला गोंदियाला मॅमोग्राफीसाठी नेलं. दोन पाट्यांमध्ये दाबून काढलेला एक्स-रेच तो. बाहेर येऊन ताई पुटपुटली, "पापडाच्या मशिनीत घातल्यावानी दाबते रे!" मी तिथल्या माणसाला तिथंच विचारलं, एवढं काहून दाबता? तो म्हणाला, जेवढं पसरेल तेवढं आतलं स्पष्ट दिसतं आणि किरणंही कमी लागतात. मला पटलं. ताईला नाही पटलं.

फोटोत डाग दिसला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गाठ अजून लहान आहे, उशीर करू नका, सुईनं बारीक तुकडा काढून तपासू. तशी ताई खुर्चीतून उठलीच. "सुई नाही. माझ्या मायले सुईनंच मारलं." तिची तरी काय चूक? आपल्या घरात हेच सांगितलं गेलं होतं. तुला नागपूरला नेलं, तिथं सुई टोचली, रोग अंगभर पसरला आणि पावसाळा लागायच्या आत तू गेलीस. बाबा हेच सांगत, आत्या हेच सांगत, आणि कुणी विचारलं तर मीही हेच सांगत होतो. भाऊजींनी समजावलं, तुझ्या सुनेनं समजावलं. ताई म्हणे, "मले घरीच राहू द्या." आणि गाठ काही आमच्या समजावण्यासाठी थांबणार नव्हती.

त्याच आठवड्यात लांजीकडचा एक शेतकरी दुकानात तणतणत आला. मोटर टेबलावर उघडी पडलेली, आतली तार काळी ठिक्कर. "तुमी खोलली म्हनून जळली, भाऊ. माह्याकडं त चालत होती!" असं मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, म्हणून उत्तरही ठरलेलं. "घरघर आवाज कधीपासून करत होती?" तो जरा अडखळला. "दिवाळीपासून." "मंग? मी त काल खोलली!" एवढं बोललो आणि हातातला पेचकस तसाच राहिला. जो प्रश्न मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, तो तुझ्याबद्दल मला कधी सुचलाच नव्हता. तुझं कधीपासून होतं, माय?

मग शाळेतला एक दिवस आठवला. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा भरली आहे. मी बांगडीवालीसमोर धागा धरून उभा आहे. तुझ्या फळीवरच्या बांगडीचं माप मी त्या धाग्यानं घेतलं आहे, कारण अंदाजानं आणलेली वस्तू मला तेव्हाही चालत नव्हती. ती धागा ताणते, म्हणते, "सव्वादोन." हिरव्या बांगड्या कागदात बांधून देते. मी पळत घरी येतो. तू चुलीजवळ बसली आहेस. तू त्या सगळ्या उजव्या हातात चढवतेस. डाव्या हातात दोन ढिल्या, मोठ्या मापाच्या बांगड्या आहेत, त्या तशाच ठेवतेस. पदर कोपरापर्यंत ओढतेस.

"काहून माय, इकडं काहून नाही?"

"डावा कामाचा हात हाय बापा. फुटतात."

"वरवंटा त तू उजव्यानं धरतेस!"

तू हसलीस. मग एकदम रागावलीस. "बायकांच्या हाताकडं पाहत बसू नोको. पुस्तक घे." मी पुस्तक घेतलं, पण उत्तर बरोबर नाही, हे मनात राहिलंच.

मंडई दिवाळीनंतरची. नागपूर उन्हाळ्यातलं. त्या मोठ्या बांगड्या सुजलेल्या हाताच्या असतील का, हे मी डॉक्टर मॅडमना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "मी त्यांना पाहिलेलं नाही, त्यामुळे नक्की सांगणार नाही. पण रोग बगलेतल्या गाठींपर्यंत गेला की हात असा सुजू शकतो. आणि तपासणीच्या सुईनं रोग पसरतो ही निव्वळ भीती आहे." मी तसाच किरनापूरची बस धरली. ताई पोळ्या लाटत होती.

"ताई, मायच्या डाव्या हातात मोठ्या बांगड्या होत्या, तुले आठवते?"

लाटणं थांबलं. "हौ. जुन्या निघतच नव्हत्या. साबण लावून काढल्या बांगडीवालीनं. माय रडली. मीच हात धरून होती."

"कधीची गोष्ट?"

"दिवाळीच्या पयले." तव्यावरची पोळी करपायला लागली. "म्हंजे सुईच्या पयलेच हात सुजला होता?"

"हौ."

"अन् कोनाले सांगितलं नाही तिनं." तिनं पोळी उतरवली, गॅस बंद केला. मग म्हणाली, "चाल. पन सुई टोचताना तू बाहेर राय. आत येऊन काहून-काहून करशील त डॉक्टरीन तुलेच टोचन."

तुकड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. तुला यातलं काहीच मिळालं नाही, म्हणून सांगतो. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कॅन्सर तसा वाढतो, पण केसांची मुळं आणि तोंडाच्या आतलं अस्तरही तसंच वाढतं. म्हणून केस जातात, तोंड येतं, आणि म्हणूनच दोन्ही नंतर बहुतेक भरून येतात. हे कारण कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. ताई म्हणाली, "तुले बरं वाटलं, गिळाचं मले हाय." मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरते. स्टीलचा चमचा लोखंडासारखा लागतो, म्हणून लाकडी आणला. उलटीची गोळी उलटी झाल्यावर नाही, सांगितलेल्या वेळेला आधीच घ्यायची. ताप आला तर घरच्या गोळीवर बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. थर्मामीटर मी तिच्या उशीजवळच ठेवला आहे.

ताईच्या बगलेतल्या गाठीही काढल्या. त्या काढल्यावरही हात सुजू शकतो, म्हणून त्या हातावर घट्ट काही नको, असं मॅडमनी बजावलं आहे. ऑपरेशननंतर तो हात रिकामा पाहून शेजारणी कुजबुजल्या. ताई सरळ बाजारात गेली आणि चार बायकांदेखत बांगडीवालीला म्हणाली, "उजव्यात सव्वादोन, डाव्यात अडीच. ऑपरेशन झालं हाय त्या बाजूनं." मी मागं उभा होतो. पदर तिनं ओढला नाही. मी भेटायला गेलो की शिंप्याच्या टेपनं तिचे दोन्ही हात मोजतो. "मोटर समजला काय मले?" म्हणते, पण हात पुढं करते. अजून सूज नाही. पुढचं मॅडमही छातीठोक सांगत नाहीत, मग मी कसं सांगू?

आता माझे प्रश्न. गाठ तुला पहिल्यांदा कधी लागली? आंघोळीच्या वेळी? कुणाला सांगावं असं एकदा तरी ओठांवर आलं होतं का? आणि त्या दिवशी चुलीजवळ तू आधी हसलीस ती काहून? मी जवळपास पकडलंच म्हणून?

हा लिहिलेला कागद दुकानातच राहील. घडी घालण्याआधी सगळं पुन्हा वाचून पाहिलं, सवयच आहे. मोटरीचा प्रत्येक भाग नावानं सांगणारा मी. पण गाठ शरीरात कुठं होती, तो साधा शब्द एवढ्या लिहिण्यात मी एकदाही लिहिलेला नाही. मॅडमसमोर बोलतो, ताईसमोरही आता बोलतो. तुझ्यासमोर अजून लिहिता येत नाही, माय.