प्रकल्प दांडा

३ सप्टेंबर, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.
काम असं. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. १४ तारखेला हॉस्पिटलमधून सोडणार. पुढचे तीन महिने ती आमच्याकडे राहणार. माझ्याकडे! धाकट्या भावाकडे नाही. डॉक्टरांची अट एकच : कमोडशेजारी भिंतीला, धरून उठता येईल असा स्टीलचा दांडा हवा. ही म्हणाली, दांडा मी आणते, तुम्ही तेवढा बसवून घ्या.
आई म्हणते, मी काम हौसेने घेतो आणि अर्ध्यावर सोडतो. या वेळी दाखवूनच देतो.

३ सप्टेंबर, दुपार
ऑफिसने माइंड मॅपिंगचं सॉफ्टवेअर दिलंय. अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंगही झालं, चहासकट. मध्ये एक गोल. त्यातून फांद्या. फांद्यांना फुगे. फुग्यांतून आणखी फांद्या. डोक्यातलं सगळं पडद्यावर!
मधल्या गोलात 'दांडा' लिहिलं. संध्याकाळपर्यंत चौदा फुगे. काम जवळजवळ झाल्यासारखंच वाटतंय.

४ सप्टेंबर
एकसष्ट फुगे. दांडा – भिंत – टाइल – टाइल फुटली तर – त्याच रंगाची टाइल – तो रंग बंद झाला असल्यास – कारखान्याला पत्र – पत्राचा मसुदा.
ही दांडा घेऊन आली. पडद्याकडे बघून म्हणाली, उगाच फाटे फोडू नका. सॉफ्टवेअरचं मर्म हिला एका नजरेत कळलं. फाटे फोडणं हेच तर काम आहे! ट्रेनिंग न घेता. बायको हुशार आहे.

५ सप्टेंबर
दांड्यासाठी ऑफिसला दांडी. (हा विनोद हिला सांगितला. ऐकू गेला नसावा.)
दहाला प्लंबर आला. हातात ड्रिल. त्याने एकच विचारलं, किती उंचीवर बसवायचा? ज्यांना धरायचाय त्यांचा हात कुठे येतो?
उत्तम प्रश्न. अशा प्रश्नांना घाईने उत्तर देणं म्हणजे खेळखंडोबा. त्याला लॅपटॉपवर नकाशा दाखवला. पंधरा मिनिटं मन लावून बघितला बिचाऱ्याने. मग म्हणाला, यात बाथरूम कुठंय?
त्याला परत पाठवलं. 'प्लंबर' हा फुगा हिरवा केला. येऊन गेला म्हणजे झालं.

६ सप्टेंबर
'उंची' ही स्वतंत्र फांदी. तिच्या पोटफांद्या : आईची, कमोडची, दांड्याची, समुद्रसपाटीपासूनची (नंतर बघू). एकशे बारा फुगे.

८ सप्टेंबर
हॉस्पिटल. आईच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून दोन तास सलग काम. 'आईच्या हाताची उंची कशी मिळवावी' ही फांदी पूर्ण केली. तीन पर्याय, प्रत्येकाचे फायदे-तोटे. आई मध्ये दोनदा काहीतरी म्हणाली. तिला सांगितलं, तुझंच काम करतोय. मग गप्प पडून राहिली. समजूतदार आहे.
परत येताना बसमध्ये जाणवलं, आज एकूण मजा आली.

९ सप्टेंबर
आक्रीत! ऑफिसने दिलेली आवृत्ती फुकटची निघाली, तिच्यात दोनशेच फुगे चालतात. एक जरी वाढवला तरी नकाशा कुरकुरतो. डोकं लढवलं. पहिला नकाशा कसा पूर्ण करायचा, याचा दुसरा नकाशा सुरू केला. त्याच्या मधल्या गोलात 'नकाशा'. आता अडचण नाही.

१० सप्टेंबर
काम सतत डोळ्यांसमोर हवं. म्हणून दोन्ही नकाशे छापले. चोवीस कागद. लॅमिनेट करून बाथरूमच्या भिंतीवर चिकटवले, जमिनीपासून छतापर्यंत. काय दिसतंय! तिथून उठवत नाही.
प्लंबर पुन्हा आला. हिने बोलावला म्हणे. त्याने अंदाजाने धरलेली भोकाची जागा नेमकी 'टाइल' आणि 'मानसिक तयारी' यांच्या मध्ये. ड्रिल लावू दिलं नाही. तो म्हणाला, कागद काढू या ना. मी म्हटलं, हा कागद नव्हे. बाहेर जाऊन तो हिच्याशी काहीतरी बोलला, मग दोघं पोट धरून हसली. कामाच्या ठिकाणी वातावरण खेळीमेळीचं आहे, हे चांगलंच.
प्लंबरला नकाशाचं लॉगिन देऊन टाकलं. संध्याकाळी त्याने एक फुगा टाकला. लाल रंगात. 'उंची सांगा.' सामील तर झाला!

१२ सप्टेंबर
आंघोळीच्या वाफेने कागद सुटायला लागले. 'धोके' ही अख्खी फांदी बादलीत पडली.
हिने विचारलं, दांडा कधी लागणार? सांगितलं, शहाऐंशी टक्के काम झालंय, सॉफ्टवेअरच दाखवतंय. ती म्हणाली, शहाऐंशी टक्के दांड्याला आईंनी कुठल्या टोकाला धरायचं? हिला आकडे कळत नाहीत. मग ती स्वतः प्लंबरला फोन करायला निघाली. थांबवलं. म्हटलं, माझी आई आहे, मीच करणार. दांडा सोफ्यावर आहे, अजून प्लॅस्टिकमध्ये.

१३ सप्टेंबर
धाकट्याचा फोन. दादा, दांडा बसला का? म्हटलं, तत्त्वतः बसलाय. तो म्हणाला, मी आपला माझ्याकडे एक ठोकून ठेवलाय, असू दे. ठोकून! ना नकाशा, ना फुगा. स्वतःच भोक पाडलं म्हणे, एक टाइल तडकली. ती फुटली तर काय, याचा विचार शून्य. कीव आली.

१४ सप्टेंबर, दुपारी १.३०
डॉक्टरांनी विचारलं, दांडा लागलाय ना? मी लॅपटॉप उघडला. डॉक्टरांनी बघितलं. मग धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, हो.
आई त्याच्या गाडीत बसली. मी लॅपटॉप मिटून गाडीपर्यंत पिशव्या पोचवल्या.

१६ सप्टेंबर
धाकट्याकडे गेलो. आईला भेटायला. दांडा बघायला नव्हे.
त्याला विचारलं, उंची कशी काढलीस? म्हणाला, हॉस्पिटलमध्ये आईला वॉकर देऊन उभं केलं, हात टेकेल तसा ठेवायला लावला, जमिनीपासून सुतळी धरली, गाठ मारली. कधी? आठ तारखेला, दादा, तू उठून गेलास त्यानंतर.
आई म्हणाली, मला तुझ्याकडेच यायचं होतं रे. सगळ्या नर्सना सांगून ठेवलं होतं, मी थोरल्याकडे जाणार म्हणून. मी म्हटलं, ये ना, अजून आठवडाभरात काम होतंय. ती म्हणाली, राहू दे आता, तीन महिन्यांत मला दांड्याची गरजच उरायची नाही. मग विचारलं, जेवलास का? बाथरूमला जातो म्हणालो.
दार लावून घेतलं. दांडा धरला, हिसडा दिला. जराही हलत नाही. पण माझा हात सहज पोचेना, वाकावं लागलं. वाटलं, धाकट्याचं माप चुकलं. खिशातल्या टेपने मोजून बघितलं, बाहेर येऊन आईला धरून उभं केलं, तिचा हात जमिनीपासून किती वर येतो ते मोजलं. बरोबर होतं.
आई एवढी लहान झालीय, हे मला माहीत नव्हतं.