एका पायाने मांडी घालता येत नाही

आई, येत्या सोमवारी माझ्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन आहे, दुर्बिणीचं. उजव्याचं दिवाळीनंतर झालं. घरचे म्हणतात, एकाने भागतंय ना, मग दुसऱ्याच्या भानगडीत कशाला पडतेस? मी म्हटलं, एका पायाने मांडी घालता येत नाही. मांडी म्हटलं की मला अजून सिन्नरचा आपला विहार दिसतो. पौर्णिमेची वंदना चाललीये, तू पांढऱ्या साडीत, आणि मी सातवीतली, जांघेत कळ आली म्हणून पाय लांब सोडते. तळवे थेट बुद्धमूर्तीकडे. तू चिमटा काढतेस. "पाय आखड. समोर कोण हाय, दिसत नाय का? लय आळशी कार्टी!" मी पाय आखडते आणि वंदना संपेपर्यंत दात आवळून बसते. लग्नात तू जुन्या साड्यांचं आसन शिवून दिलंस. म्हणालीस, "मऊ केलंय, आता तरी नीट बस." तुला वाटायचं, मला फरशी टोचते. फार राग आला होता तेव्हा.

डॉक्टरांनी फोटो लावून दाखवलं. दोन्हीकडे हाडाची ठेवणच अशी, की पाय दुमडला की आत घासतं. आळस कुठेच दिसला नाही. मी विचारलं, डावाही उजव्यासारखाच सुधारेल ना? ते म्हणाले, "अंदाज सांगतो, हमी नाही. वय, सांध्याची झीज आणि दुखणं किती वर्षं अंगावर काढलंय, यावर असतं. जितकं जुनं, तितकं अवघड. हा डावा तुम्हाला कधीपासून दुखतोय?" मी खरं ते सांगितलं, सातवीपासून. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. "चालणं सुधारेल. मांडीचं मात्र आत्ता बोलत नाही." नका बोलू! उजव्याच्या वेळीही असंच म्हणाले होते, आणि आज व्यायाम करताना उजवा गुडघा इतका खाली टेकत आला, की व्यायाम घेणाऱ्या ताईंनी टाळी वाजवली. डाव्यालाही मी सोडणार नाही. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल तेव्हा विहारात खाली बसणार. नाहीच जमलं तर खुर्ची घेईन, पण पुन्हा दात आवळून बसणार नाही.

तुझं आसन आज उन्हात टाकलंय. हे पत्र त्याच्याच घडीत राहील. एक मात्र सांगून टाकते. तू असतीस तर त्या दिवशी डॉक्टरांकडे माझ्या शेजारीच बसली असतीस. आणि मग मी म्हणाले असते, दोन-तीन वर्षं झाली असतील, डॉक्टर.