पाच रविवारचे शून्य

सर, तुमच्या फुलपाखरांच्या मोजणीच्या वह्या तिच्याकडे, माझ्याबरोबर तुमच्या हाताखाली शिकलेल्या त्या पोरीकडे आहेत, हे मला आठ वर्षं खुपतंय. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी पिशवी घेऊन ती आली आणि तुमच्या मुलानं सगळा गठ्ठा तिच्या हवाली केला, "बाबांनी सांगितलं होतं" म्हणून. मी तिथंच दारात उभा होतो. बरोबरच होतं म्हणा. मी त्या वह्या वाडीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत ठेवल्या असत्या आणि खोली बदलताना विसरलो असतो. पण नुसतं विचारायला काय जात होतं?

आता तिनं सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्यात. परवा त्या खुल्या होणार, कुणीही उतरवून घ्याव्यात, अभ्यास करावा. खाली संकलन म्हणून तिचं नाव. काल तिचा फोन आला. "काय गा, कुठं भटकून राहिला आजकाल?" म्हटलं, "बुटीबोरीले, धाग्याच्या मिलमध्ये." "मागं तर ट्रकवर होता न?" हसली, आणि लगेच कामावर आली, अगदी तुमच्यासारखी. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्या मे महिन्यात मोजणीची वाट माझ्याकडे होती, तर ओळीनं पाच रविवार शून्य कसं? "दुसऱ्या कोणत्याच वर्षी असं नाही. नाल्याकाठी कोणी फवारणी केली होती काय? मी टिपणात तसंच लिहून राहिली." मी म्हटलं, आठवून सांगतो.

आठवायचं काय त्यात. नाल्याकाठची वाट तुम्ही आखून दिली होती: दर रविवारी सकाळी नऊला, एकाच चालीनं, दोन्ही बाजूंना पाच पावलांत दिसेल तेवढंच मोजायचं. एकदा एका लिंबाळी फुलपाखरामागे मी पार वीटभट्टीपर्यंत गेलो, तेव्हा तुम्ही झापलं होतं, "तुले फुलपाखरू पाह्याचं आहे का मोजाचं आहे? वाट सोडली का मोजणी गेली." आणि दुसरा नियम: गेलो आणि काही दिसलं नाही तर शून्य, गेलोच नाही तर वहीतला त्या तारखेचा खाना रिकामा. तिच्या पानांवर रिकामा खाना शोधून सापडायचा नाही. माझ्या पानांची चाळणी झालेली. त्या मेमध्ये पहिल्या रविवारी मी खरंच निघालो होतो, पण कळमेश्वरच्या फाट्यावर ओळखीचा टेम्पोवाला भेटला, आंब्याच्या पेट्या उतरवायच्या होत्या, चढलो. पुढचे रविवारही असेच कुठंकुठं गेले. रिकामे खाने दिसले की तुम्ही वाट तिला द्याल, म्हणून शून्य लिहिलं. उन्हाळ्यात फुलपाखरं तशीही कमीच, कुणाला कळणार होतं.

तिसऱ्या रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात वही उघडी आहे. काळा चष्मा लावून तुम्ही अंदाजानंच पोह्यांवर तर्री वाढताय, ती पान वाचून दाखवतेय. शून्य, शून्य, आज पण शून्य. तुम्ही पळी ठेवता, चाचपडत माझ्या पाठीवर हात ठेवता. "पाह्य वं पोरी, शून्य लिहाले हिंमत लागते. दुसरा असता तर दोन-चार ठोकून दिले असते." ती ताटलीत बघत राहते. तिचा उतरलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला सर, खोटं कशाला बोलू. तिच्यासमोर तुम्ही माझं कौतुक केलंत ते तेवढंच, एकदाच. नंतरची दोन शून्यं तर मी हौसेनं लिहिली.

आज जेवणाच्या सुट्टीत मी तिला फोन करून सांगितलं की मी गेलोच नव्हतो. वाटलं, बोंबलेल. ती एवढंच म्हणाली, "फवारणीचं काढून टाकते. बरं झालं आज सांगितलं. तारखा सांग, खाने रिकामे करते." न रागावण्याचा तो मोठेपणाही तिच्याकडेच. मी सांगत गेलो, ती खोडत गेली. चार झाल्या.

"अन् तिसरा रविवार?"

"त्या दिवशी गेलो होतो. काही दिसलं नाही."

"नक्की न गा?"

"नक्की."

तिनं ते शून्य तसंच ठेवलं. सर, तिसऱ्या रविवारीही मी गेलो नव्हतो.